गाडगेबाबा: आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीत बसवणारा वऱ्हाडी माणूस

अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचंच नाव आहे. २० डिसेंबर आला की शाळेत मुलांच्या हातात खराटे दिले जातात, फोटो निघतात, आणि बाबा पुन्हा वर्षभरासाठी कपाटात जातात. खराटा खराच होता, त्यात खोटं काही नाही. पण त्या खराट्यामागं या माणसाचं आणखी एक काम झाकलं गेलं. आंधळे, पांगळे आणि कुष्ठरोगी यांची खिदमत त्यांनी जवळपास पन्नास वर्षं केली. आणि ती सुरू झाली आपल्याच वऱ्हाडात, पूर्णेच्या काठी.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. जात परीट, म्हणजे गावाचे कपडे धुणारं घर. वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. कापूस भरपूर पिकत होता, पण पैसा सावकाराच्या तिजोरीत जायचा. वडील झिंगराजी दारूनं गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे जन्म अमरावती जिल्ह्यातला आणि बालपण अकोला जिल्ह्यातलं. दोन्ही जिल्हे त्यांच्यावर हक्क सांगतात, तो असा.

शाळेचा प्रश्नच नव्हता. डेबू गुरं राखायचा, नांगर धरायचा, पुराच्या पाण्यात पोहायचा. मामा चंद्रभान यांची जमीन चांगली होती, पण सावकाराच्या कागदावर अंगठे उठत गेले आणि जमीन हातची गेली. त्या धक्क्यानं मामाही गेले. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी नांगर सोडून बाजूला झाला नाही, भिडला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आकडे कसे गिळतात हे त्यानं घरातच पाहिलं होतं. पुढं बाबांच्या संस्थांत हिसाब आणि विश्वस्त यांना जे महत्त्व आलं त्याचं मूळ मला दापुऱ्याच्या त्या शेतात दिसतं. चरित्रकार हा धागा फारसा ओढत नाहीत, पण मला तो महत्त्वाचा वाटतो.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाड होरपळलं. गावं उठून कामाच्या, अन्नाच्या शोधात निघाली. अशा वेळी सगळ्यात आधी मागं कोण सुटतं? ज्याला चालता येत नाही तो. ज्याला दिसत नाही तो. चोवीस वर्षांच्या डेबूजीच्या डोळ्यांसमोर हे सगळं घडत होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि एक फुटकं मडकं. त्या मडक्यात, म्हणजे गाडग्यात, भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं तर तेच डोक्यावर घालायचं. लोकांनी त्यावरून नाव पाडलं. नियम एकच: आधी कुणाचं तरी काम करायचं, मगच भाकरी मागायची. गावात शिरलं की नाली साफ कर, कुणाची लाकडं फोड, कुणाचं ओझं उचल. फुकट खायचं नाही.

इथं थोडं थांबतो. घर सोडण्याची ही गोष्ट आपण फार कौतुकानं सांगतो, पण मागं कुंताबाई होत्या, लहान लेकरं होती, म्हातारी आई होती. त्यांचं काय झालं ते कीर्तनात कुणी सांगत नाही. मुलगा गोविंद १९२३ मध्ये पिसाळलेलं कुत्रं चावून गेला, तेव्हाही बाबा दूर कोकणात होते आणि त्यांनी काम थांबवलं नाही. त्याला वैराग्य म्हणतात. म्हणा. पण ज्या घरात अपंग मूल आहे त्या घरातली आई मला इथं आठवते. सेवा कुणाच्याही नावावर असो, तिचा भार बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या पाठीवर असतो. कुंताबाईंचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला पाहिजे.

आता ऋणमोचन. भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठावर हे गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं मोठी यात्रा भरते. लोक नदीत आंघोळ करतात, देवाला जातात. काठावर तेव्हा चिखल आणि उतार. म्हाताऱ्या बायका घसरायच्या, लेकरं पडायची. बाबा तिथं पोचले आणि फावडं घेऊन कामाला लागले. माती ओढ, दगड बसव, वाट कर. लोक आधी हसले, मग काही जण बाजूला येऊन उभे राहिले, मग त्यांनीही टोपली उचलली. १९०७-०८ च्या सुमारास ऋणमोचनला पक्का घाट उभा करण्याचं काम सुरू झालं.

आज इमारतीला रॅम्प हवा, कठडा हवा, असं कायदा सांगतो आणि आपण अर्ज करत बसतो. ऋणमोचनला वेगळं काय झालं? ज्याला धड उतरता येत नाही त्याला पाण्यापर्यंत जाता यावं, म्हणून वाट सोपी केली. तेव्हा त्याला कुणी सुगम्यता असा शब्द वापरला नसेल. बाबांनी सुरुवात देवळापासून केली नाही, वाटेपासून केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लक्ष्मीनारायणाचं मंदिरही तिथं झालं, पण घाट हा सगळ्यांचा.

यात्रेत भीक मागायला आंधळे, लुळे, महारोगी मोठ्या संख्येनं यायचे. महारोगी हा तेव्हाचा शब्द, आपण आज कुष्ठरोगी म्हणू. वऱ्हाडातल्या आपल्या उरुसातही हे दृश्य नवीन नाही. वर्षभर ही माणसं कुणाला दिसत नाहीत. घराच्या मागच्या खोलीत असतात, गावाबाहेर असतात. यात्रा किंवा उरूस आला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांग लागते, आणि जाणारा-येणारा चिल्लर टाकून पुढं जातो. टाकून, हातात देऊन नव्हे.

बाबांनी त्या रांगेतल्या माणसांना उठवून पंगतीत बसवलं. ऋणमोचनच्या यात्रेत त्यांच्यासाठी अन्नदान सुरू केलं. गावागावातून धान्य जमायचं, चुली पेटायच्या, आणि जे एरवी उष्ट्यावर जगायचे त्यांच्यापुढं ताजं अन्न वाढलं जायचं. थंडीचे दिवस, म्हणून कपडे आणि घोंगड्या वाटल्या जायच्या. कुष्ठरोग्यांना तेल लावून, आंघोळ घालून ते स्वतः बसवायचे. त्या काळात हे काय होतं ते समजून घ्या. कुष्ठरोगावर गुण येईल असं औषध नव्हतं, ते १९४० च्या दशकात आलं. इंग्रज सरकारचा १८९८ चा कायदा भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून वेगळं ठेवण्याची मुभा देत होता. अचलपूरजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी अशा रुग्णांसाठी काम उभं केलं होतं, ते सोडलं तर जवळपास दुसरं दार नव्हतं. घरच्यांनीच ज्याला हात लावणं सोडलं त्याला भर यात्रेत, हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर, एक माणूस अंग चोळून आंघोळ घालतो. बघणाऱ्याला त्यासाठी कीर्तन लागत नाही.

कीर्तन मात्र होतंच. रात्री बाबा उभे राहायचे आणि वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे. पोथी नाही, संस्कृत नाही. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, भांडी विकायची वेळ आली तरी शाळा सोडू नका, असं सगळं. देवळातल्या देवाला बळी देऊ नका हेही त्यात होतं. आणि देव कुठं आहे हा प्रश्न फिरून फिरून त्या बाहेर बसलेल्या आंधळ्या-पांगळ्यांपाशी येऊन थांबायचा. अडाणी माणसाचं हे बोलणं ऐकायला वकील, डॉक्टर, मंत्री बसायचे.

आपल्या घरात अपंग माणसासाठी दोन उर्दू शब्द चालतात. एक मोहताज, दुसरा माजूर. मोहताज म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला. माजूर हा शब्द उज्र वरून येतो. ज्याला खरी सबब आहे, ज्याच्यावर दोष ठेवता येत नाही, तो माजूर. दोन्ही शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण बोलताना आपण ते एकच करून टाकतो. मोहताज म्हटलं की खैरात आठवते. माजूर म्हटलं की जबाबदारी त्याच्यावरून उठून आपल्यावर येते. बाबांना उर्दू शब्दांचा हा फरक ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांची पंगत दुसऱ्या शब्दाच्या जवळची होती.

पुढचं काम महाराष्ट्रभर पसरलं. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर रेल्वेवरचं जंक्शन, तिथं १९२५ मध्ये गोरक्षणाचं काम सुरू झालं, धर्मशाळा आणि शाळा झाली. गोरक्षण हा शब्द आज ऐकला की आपल्या वस्तीतला माणूस जरा सावध होतो. ते समजण्यासारखं आहे. पण बाबांची भूतदया माणसाला वगळून नव्हती, हे त्यांच्या एकूण कामावरून कुणालाही दिसेल. नाशिकला धर्मशाळा झाली, तिथं आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्त चाललं. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा झाली, कारण अस्पृश्य वारकऱ्यांना तिथं कुणी ओसरीवरही झोपू देत नव्हतं. हीच धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लाखोंची इमारत, आणि देताना हात आखडला नाही.

मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ १९५४ मध्ये त्यांनी धर्मशाळा उभी केली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. हे काम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. खेड्यातला माणूस पेशंट घेऊन मुंबईला जातो. पेशंटला खाट मिळते, सोबत आलेला फुटपाथवर झोपतो. तीन-चार दिवसांत पैसे संपतात आणि उपचार अर्धवट टाकून दोघंही गाडीत बसतात. दवाखाना सरकारनं बांधला, डॉक्टर आहेत, औषध आहे, तरी आजार बरा होत नाही, कारण सोबतच्या माणसाला पाठ टेकायला जागा नाही. बाबांनी नेमकी ती फट बुजवली. त्यांच्यानंतर दादरलाही त्यांच्या नावानं अशी धर्मशाळा चालू झाली. अमरावती-अकोल्याकडची कितीतरी कुटुंबं टाटा हॉस्पिटलच्या उपचारासाठी जातात, त्यांना ती माहीत आहे.

एवढं सगळं उभं करून स्वतः मात्र कुठल्या धर्मशाळेत मालकासारखे राहिले नाहीत. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं, संस्था विश्वस्तांच्या हाती गेल्या आणि नातेवाइकांचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही अशी तजवीज केली गेली. ना गादी, ना वारस, ना शिष्य. म्हणून बाबा गेल्यावर चुली विझल्या नाहीत. आपल्याकडे किती कामं एका माणसाच्या जिवावर चालतात आणि त्याचा जनाजा उठला की बंद पडतात ते बघा.

बाबांचा दहा कलमी संदेश प्रसिद्ध आहे, बऱ्याच शाळांच्या भिंतीवर रंगवलेला असतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शिक्षण, बेकाराला काम असं त्यात आहे. त्यातलं एक कलम आंधळे, पांगळे आणि रोगी यांना औषधोपचार मिळावेत असं आहे. अन्न आणि वस्त्र यांच्या पुढं जाऊन उपचार. हा टप्पा महत्त्वाचा.

पण खरं तेही बोललं पाहिजे. सदावर्तानं आंधळ्याचं पोट भरलं, त्याच्या हातात ब्रेल दिली नाही. मूक-बधिर मुलाला बोलायला शिकवलं नाही. ते त्या काळाचं माप होतं, आणि एका माणसाकडून सगळंच मागणं बरोबर नाही. तरी याच अमरावती जिल्ह्यात बाबांचे समकालीन एक संत होते, माधानचे गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा, तान्हेपणीच दृष्टी गेली. ऐकून ऐकून त्यांनी इतकं ज्ञान मिळवलं की दुसऱ्यांना सांगून शंभरावर पुस्तकं लिहून घेतली, आणि १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच काळात दोन चित्रं होती. यात्रेत भाकरीसाठी हात पसरणारा आंधळा आणि ग्रंथ सांगणारा आंधळा. दोघांमध्ये फरक नजरेचा नव्हता. एकाला वाचून दाखवणारं कुणीतरी मिळालं, एवढाच.

पंगतीपासून कामापर्यंतचं पुढचं पाऊल अमरावतीतच दुसऱ्या माणसानं टाकलं. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवनात जगदंबा कुष्ठनिवास सुरू केलं. तिथं रुग्ण हातमागावर बसले, सुतारकाम शिकले. ज्या हातांना लोक शिवत नव्हते त्या हातांचं काम बाजारात गेलं.

१९५६ साल उजाडलं तेव्हा बाबा थकले होते, तरी फिरणं चालूच होतं. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. घर सोडलेला माणूस रस्त्यावरच गेला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

बाबा गेले त्यानंतर जवळपास दोन दशकांनी, १९७० च्या दशकाच्या शेवटी, जागतिक आरोग्य संघटनेनं एक विचार जगापुढं मांडला: अपंग माणसाला दूरच्या मोठ्या संस्थेत नेऊन टाकण्यापेक्षा तो राहतो त्या गावातच, तिथल्याच लोकांच्या मदतीनं त्याची सोय करा. समुदाय आधारित पुनर्वसन असं जड नाव त्याला आहे. बीएडच्या पुस्तकात ते वाचताना ऋणमोचनची चूल कुणाला आठवत नाही. पण तिथं तरी काय होतं? गावचं धान्य, गावची माणसं, गावची लाकडं.

बाबांना मानणारे शंकरबाबा पापळकर यांनी अचलपूर तालुक्यात वझ्झरला टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांचं घर उभं केलं. शंभरावर लेकरांना त्यांनी बापाच्या जागी स्वतःचं नाव लावू दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तिथलीच एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाला बालगृहातून बाहेर पडावं लागतं. मग मतिमंद मूल जाणार कुठं? त्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं सरकारपुढं लावून धरला आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. आता थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, शिकण्यातली अडचण हेही त्यात आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी मूल आधी कागदावर दिसलं पाहिजे. पालक सभेत एक वडील मला सांगत होते की मुलीला कमी ऐकू येतं हे त्यांना मान्य आहे, कार्ड मात्र काढायचं नाही, कारण उद्या तिच्या धाकट्या बहिणीच्या रिश्त्याच्या वेळी लोक विचारतील. माणूस वाईट नव्हता. मुलीसाठी महागडं मशीन घ्यायला तयार होता. फक्त लोकांना दिसू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं. जुम्म्याला मशिदीबाहेर बसलेल्या आंधळ्याला तोच माणूस न चुकता पैसे देतो.

ग्रामपंचायत असो, नगरपरिषद असो की महापालिका, तिनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा आपल्या राज्यात नियम आहे. तो पैसा मागणारं कुणी आलं नाही तर तसाच पडून राहतो, किंवा वर्षाअखेरीस कशात तरी जिरतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यासाठी अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आपल्या वॉर्डात अशी किती माणसं आहेत, कुणाचं कार्ड निघालं, कुणाचं राहिलं, याची यादी मोहल्ल्यातले चार जण मिळून एका रविवारी करू शकतात. ऋणमोचनची यात्राही पौषातल्या रविवारीच भरते.